पेपर वाचणे वेगळे, पेपर उकलणे वेगळे: अकरावी-बारावीत माध्यमे शिकणाऱ्या गोव्यातल्या मुलांसाठी

अकरावीचे वर्ग सुरू झाले की दरवर्षी दोन-तीन मुले तरी मला सांगतात, "सर, माझ्या रीलला चांगले व्ह्यूज येतात, मला हा विषय सोपा जाईल." मी त्यांना उलट विचारतो, बांगडा आवडीने खाणाऱ्याला रापणीचे जाळे ओढता येते का? मुले हसतात. ऑगस्टपर्यंत त्यांना त्याचा अर्थ कळलेला असतो.

पणजीत एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर मी बरीच वर्षे काढली आणि नंतर शिकवण्याकडे वळलो. पालक भेटायला येतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला: "हे घेऊन पोर करणार काय?" त्याचे उत्तर शेवटी देईन. आधी विषय कुठे मिळतो, आणि मिळाल्यावर पहिल्या वर्षी हात कुठे घालायचा, ते सांगतो.

आधी दार शोधा

गोवा बोर्डाच्या हायर सेकंडरीत कला शाखेला मुले राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र असे विषय घेतात. माध्यमे हा स्वतंत्र विषय तिथे सहसा हाती लागत नाही. तो लागतो तो दुसऱ्या बोर्डांकडे. सीबीएसईत 'मास मीडिया स्टडीज' हा कौशल्य विषय आहे, त्याचा क्रमांक ८३५. आयएससीत 'मास मीडिया अँड कम्युनिकेशन' आहे. केंब्रिजच्या ए लेव्हलला 'मीडिया स्टडीज' आहे, क्रमांक ९६०७. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा, म्हणजे एनआयओएसचा, 'मास कम्युनिकेशन' हा विषय ३३५ क्रमांकाचा.

बोर्डाच्या यादीत विषय आहे म्हणून तो तुमच्या शाळेत शिकवला जातोच असे नाही. प्रवेशाआधी शाळेत जाऊन तीन गोष्टी विचारा: विषय या वर्षी चालू आहे का, शिकवणारा पूर्णवेळ आहे का, आणि प्रात्यक्षिकासाठी मुलांना प्रत्यक्ष काय करायला लावतात. तिसऱ्या प्रश्नाला "प्रोजेक्ट असतो" एवढेच उत्तर आले तर गेल्या वर्षीचे दोन प्रोजेक्ट दाखवा म्हणायचे. दाखवले तर बसा, नाही दाखवले तर दुसरी शाळा बघा.

सीबीएसईवाल्यांना एक सूचना. कौशल्य विषयांत 'एम्प्लॉयबिलिटी स्किल्स' नावाचा एक भाग असतो. संवाद, स्वव्यवस्थापन, संगणक, उद्योजकता, पर्यावरण असे त्यातले धडे. मुले तो भाग शेवटच्या आठवड्यावर ढकलतात आणि हातातले गुण घालवतात. केंब्रिजमध्ये लेखी पेपर आणि स्वतः केलेले काम यांना पूर्ण ए लेव्हलमध्ये सारखे वजन आहे, त्यामुळे तिथे कॅमेऱ्याचे काम मागे पडले की निम्मा विषयच मागे पडतो.

आणि तुम्ही गोवा बोर्डातच असाल तर? एनआयओएसचे ३३५ चे धडे त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात, नाव नोंदवायची गरज नाही. राज्यशास्त्र-समाजशास्त्राच्या जोडीला महिन्याला एक धडा आणि खाली सांगितलेली कामे एवढे केले तरी बारावीनंतर पत्रकारितेच्या वर्गात तुम्ही नवखे वाटणार नाही.

पहिला महिना: फूटपट्टी आणि पेपर

पहिला महिनाभर कॅमेरा बाजूला. दोनशे पानी वही, फूटपट्टी, दोन रंगांची पेने आणि घरी येणारे कुठलेही दैनिक घ्या. मोठ्या आकाराच्या दैनिकाचे पान साधारण आठ कॉलमचे आणि बावन्न सेंटिमीटर उंचीचे असते. आठ गुणिले बावन्न म्हणजे ४१६ कॉलम-सेंटिमीटर. जाहिरातीची जागा याच मापात मोजतात, म्हणून आपणही याच मापात मोजायचे.

पान एक घ्या. एका रंगाने बातम्यांना चौकट काढा, दुसऱ्याने जाहिरातींना. प्रत्येक चौकटीचे कॉलम गुणिले सेंटिमीटर वहीत लिहा. मग जाहिराती वेगळ्या करा: सरकारी खात्याची, बांधकाम व्यावसायिकाची, वाढदिवसाच्या शुभेच्छांची. गणेश चवथीच्या आधीचा आठवडा आणि पावसातला एखादा मरगळलेला मंगळवार, असे दोन दिवस मोजून बघाच. माझ्या वर्गातल्या एका मुलीने चवथीच्या आठवड्यातला अंक मोजला तेव्हा जाहिरातींचा आकडा निम्म्याच्या जवळ गेला. ती म्हणाली, "सर, मग हा पेपर आम्ही विकत घेतो की आम्हालाच कोणी विकत घेतंय?" पुस्तकात संस्था आणि अर्थकारण नावाचे जे प्रकरण असते ते तिथे तिचे संपले.

मग मथळे. लीड म्हणजे पानावरची मुख्य बातमी कुठली, अँकर कुठली, फोटोओळ कोणी लिहिली असेल, 'प्रतिनिधी' कुठे आणि वृत्तसंस्था कुठे, हे रोज पाच मिनिटे. ज्यांना अँकर म्हणजे फक्त टीव्हीवर बोलणारी व्यक्ती वाटते त्यांच्यासाठी: मराठी डेस्कवर पहिल्या पानाच्या तळाशी आडवी लावलेली खास बातमीही अँकरच.

एक बातमी, दोन गावे

महिनाभरानंतर एकाच घटनेच्या दोन बातम्या शेजारी ठेवायला लागा. गोव्यात याला म्हादई नदीच्या पाणीवादासारखे दुसरे उदाहरण नाही. २०१८ साली लवादाने पाण्याची वाटणी ठरवली: गोव्याला २४ टीएमसी (अब्ज घनफूट), कर्नाटकाला १३.४२, महाराष्ट्राला १.३३. आकडे सगळीकडे तेच. पण पणजीत छापलेला मथळा आणि बेळगाव-हुबळीकडचा मथळा ताडून बघा. आपल्याकडे क्रियापद बहुधा 'वळवणे' किंवा 'पळवणे' असते, तिकडे योजनेच्या नावाला 'पिण्याचे पाणी' चिकटलेले असते. नदी आपल्याकडे 'म्हादई', पुढे गेल्यावर 'मांडवी', आणि योजना 'कळसा-भांडुरा'. कोण नाव देतो, कोण क्रियापद निवडतो, हे वहीत दोन रकान्यांत लिहा. खोटे कोण बोलतो ते ठरवायची घाई करू नका. पुष्कळदा कोणीच खोटे बोलत नसते, तरी दोन वाचकांच्या डोक्यात दोन वेगळ्या नद्या वाहायला लागतात.

हाच प्रयोग जुन्या काळावर करायचा तर पाटोच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जा. हे ग्रंथालय १८३२ पासूनचे आहे, आणि कदंब बसस्थानकावरून चालत जाता येते. जानेवारी १९६७ ची मराठी दैनिके मागा. १६ जानेवारीला जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की संघप्रदेश राहायचे, असा प्रश्न होता. 'गोमन्तक' विलीनीकरणाच्या बाजूचा, 'राष्ट्रमत' विरोधातला, आणि दोन्ही पेपर मराठी. उदय भेंब्रे यांचे 'ब्रह्मास्त्र' हे सदर 'राष्ट्रमत'मध्येच यायचे. निकाल: संघप्रदेशाला १,७२,१९१ मते, विलीनीकरणाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ चा.

हे उदाहरण मी मुद्दाम देतो, कारण या विषयावर गोव्यातल्या मराठी घरांत अजूनही आवाज चढतो. घरातल्या आजोबांचे मत काय होते ते विचारून ठेवा, पण वहीत लिहिताना आधी मथळ्याची जागा, टाइपाचा आकार, फोटो कोणाचा, कोणाचे म्हणणे अवतरणात आणि कोणाचे सारांशात, एवढेच टिपा. मत नंतर. हे जमायला मला स्वतःला डेस्कवर तीन वर्षे लागली, तुम्हाला लवकर जमेल.

जुने अंक चाळताना हात कोरडे ठेवा, पान कोपऱ्यातून उलटा, आणि मोबाइलने फोटो काढण्याआधी काउंटरवर विचारा.

सिद्धांत पाठ करू नका, चिकटवा

पुस्तकात नावे भरपूर येतील. त्यातली तीन-चार पहिल्या वर्षी पुरेत, पण प्रत्येकाला गोव्यातले एक उदाहरण चिकटवलेले असले पाहिजे.

मॅककॉम्ब्स आणि शॉ यांचा 'अजेंडा सेटिंग'चा लेख १९७२ चा. माध्यमे काय विचार करायचा ते सांगत नसतील, पण कशाबद्दल विचार करायचा ते ठरवतात. आठवडाभर पान एकवर खाणी, कॅसिनो, म्हादई आणि अपघात किती वेळा आले ते मोजले की उदाहरण तयार. डेव्हिड मॅनिंग व्हाइट यांचा 'गेटकीपर'चा अभ्यास १९५० चा. रात्री डेस्कवर आलेल्या बातम्यांतली कुठली लागते आणि कुठली टोपलीत जाते याचा. संपादकीय विभागात कोणी ओळखीचे असेल तर एक संध्याकाळ शेजारी बसायला मिळते का बघा. तीन प्रकरणे वाचून जे कळत नाही ते सात ते दहा या वेळात कळते.

स्टुअर्ट हॉल यांचे 'एन्कोडिंग-डीकोडिंग' मुलांना अवघड वाटते. सोपे करून सांगतो. कळंगुटच्या किनाऱ्याची पर्यटन जाहिरात दिल्लीचा माणूस बघतो तेव्हा त्याला सुट्टी दिसते. कळंगुटचाच मुलगा बघतो तेव्हा त्याला आपल्या किनाऱ्यावरच्या शॅकच्या रांगा आठवतात, आणि जाहिरातीत आपल्यासारखे कोणी नाही हेही दिसते. चित्र तेच, बनवणाऱ्याने भरलेला अर्थ एक, बघणाऱ्याने काढलेला दुसरा.

'टू-स्टेप फ्लो' म्हणजे माहिती आधी काही जाणत्यांपर्यंत आणि त्यांच्याकडून बाकीच्यांपर्यंत. यासाठी गोव्याइतके सुंदर उदाहरण परदेशी पुस्तकात सापडणार नाही. १९५५ ते १९६१ या काळात वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सीमेपलीकडच्या जंगलात लपून मुक्तिलढ्याचे रेडिओ केंद्र चालवले, पोर्तुगीज आणि कोकणीतून. घरोघरी रेडिओ नव्हते तेव्हा. ज्याच्याकडे होता तो ऐकायचा, आणि बातमी पुढे तोंडातोंडी. १९ डिसेंबर १९६१ रोजी याच दोघांनी विमानातून ध्वनिक्षेपकावर मुक्तीची बातमी सांगितली. एका उदाहरणात माध्यम, श्रोते, सत्ता आणि भाषा असे चार मुद्दे सुटतात. परीक्षेत असे एक उदाहरण दहा व्याख्यांना भारी.

गावाचे नाव

हा भाग कुठल्याही अभ्यासक्रमात नाही, तरी मी तो दरवर्षी घेतो. राष्ट्रीय वाहिनीवरच्या पट्टीत मी 'क्वेपेम' वाचले आहे. ते आपले केपे. रोमन अक्षरांत पोर्तुगीज वळणाने लिहिलेले नाव जशास तसे देवनागरीत उतरवले की साखळीचे 'संक्वेलिम' होते, डिचोलीचे 'बिचोलिम', काणकोणचे 'कॅनाकोना', लोटलीचे 'लाउटोलिम'. बघणारा हसतो आणि वाहिनी बंद करतो. प्रतिनिधित्व, म्हणजे 'रिप्रेझेंटेशन', हा शब्द पुस्तकात येतो तेव्हा मला आधी हे आठवते: ज्याला माझ्या गावाचे नाव येत नाही तो माझ्या गावाबद्दल काय सांगणार.

पण इतरांना हसण्याआधी माझी गोष्ट ऐका. नवा होतो, फोनवर बातमी घेतली, समोरचा कुडचिरे म्हणाला आणि मी कुडचडे लिहिले. एक डिचोली तालुक्यात, दुसरे थेट दक्षिणेत. सकाळी दोन्ही गावांतून फोन आले. एका गावाला न झालेला अपघात मिळाला होता, दुसऱ्याचा चोरीला गेला होता. तेव्हापासून नियम: नाव ऐकले की तालुका विचारायचा, आणि लिहिलेले परत वाचून दाखवायचे. तुमच्या वहीच्या शेवटच्या चार पानांवर गावांची यादी करा. देवनागरी, रोमन आणि तालुका, असे तीन रकाने.

आता मोबाइल हातात घ्या

महागडे सामान नको. फोन, तारेचा कॉलर माइक, साधा ट्रायपॉड. यात पैसे कमी पडले तर ट्रायपॉड सोडा, माइक सोडू नका. हलणारे चित्र लोक सहन करतात, न ऐकू येणारा आवाज सहन करत नाहीत.

याचा धडा माझ्या एका गटाने म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात घेतला. हरमलहून मिरच्या विकायला आलेल्या एका बाईंची मुलाखत, छान बोलल्या त्या, वीस मिनिटे. फोन चार हात लांब धरलेला, माइक बॅगेत. घरी येऊन ऐकतात तर बाईंचे ओठ हलताहेत आणि आवाज येतोय बसच्या कंडक्टरचा: "पणजे, पणजे, पणजे!" पुढच्या शुक्रवारी परत गेले. बाईंनी मिरच्या मोजता मोजता सांगितले, "तेंच परत सांगूं?" दुसऱ्यांदा त्या अर्ध्यावरच थांबल्या.

म्हणून क्रम असा ठेवा. जागेवर पोचलात की आधी अर्धा मिनिट कोणी न बोलता नुसता तिथला आवाज रेकॉर्ड करा, संपादनात दोन तुकडे सांधायला तो लागतो. मग माइक लावून दहा सेकंद बोलायला लावा आणि इअरफोन लावून ऐका. ऐकल्याशिवाय मुलाखत सुरू करायची नाही. मिरामारसारख्या ठिकाणी वाऱ्याकडे पाठ करून माणसाला उभे करा आणि माइकवर स्पंजची टोपी चढवा. पावसाळ्यात पत्र्याखाली मुलाखत घेऊ नका. कौलांखाली जमते, पत्र्याखाली नाही.

चित्राबद्दल दोनच गोष्टी. एक, प्रत्येक शॉट दहा सेकंद स्थिर धरा, मनातल्या मनात मोजा. लाँग, मिड, क्लोजअप असे तिन्ही आणि हातांचा एक वेगळा. नवखी मुले कॅमेरा फिरवत राहतात आणि मग कापायला जागाच मिळत नाही. दोन, ट्यूबलाइटच्या खोलीत चित्रावर पट्टे सरकताना दिसतात. आपली वीज ५० हर्ट्झची आणि फोन बहुधा सेकंदाला ३० फ्रेमवर बेतलेला, म्हणून. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा, पट्टे जातात.

संपादनाला संगणकावर डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती आहे, आवाजाला ऑडॅसिटी. जून ते सप्टेंबर कॅमेरा असेल तर तो हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. गोव्याच्या दमट हवेत लेन्सवर बुरशी धरायला एक पावसाळा पुरतो.

विचारल्याशिवाय नाही

देवळांत गर्भगृहाचा फोटो नाहीच, आणि बऱ्याच देवळांत आतही नाही. सभामंडपातली पाटी वाचा, पुजाऱ्यांना विचारा. जुन्या गोव्यातल्या संरक्षित वास्तूंमध्ये ट्रायपॉड लावायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. किनाऱ्यावर अनोळखी पर्यटकांचे फोटो त्यांच्या संमतीशिवाय काढू नयेत, अशी सूचना गोवा पर्यटन खात्याने जानेवारी २०२३ मध्ये काढली आहे. शाळेचा प्रोजेक्ट आहे म्हणून ती तुम्हाला लागू नाही असे नाही.

अठरा वर्षांखालील मुलांना दाखवायचे तर पालकांची लेखी संमती घ्या. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणातल्या बालकाची ओळख उघड करायला पोक्सो, म्हणजे बाल लैंगिक अत्याचारविरोधी, कायद्याच्या कलम २३ ने बंदी आहे. नाव नाही घेतले पण शाळा, वाडा, नातेवाईक दाखवले तरी ओळख उघड होते. अशा विषयावर प्रोजेक्ट करायची हौस अकरावीत नको. आणि ड्रोन? दाबोळी हा नौदलाचा तळ आहे. वास्कोच्या आसपास राहत असाल तर ड्रोन घरीच ठेवा, बाकीच्यांनी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा ड्रोनचा नकाशा आधी बघा.

उत्तरपत्रिका

मुले इथे उगाच घाबरतात. दिलेली जाहिरात किंवा दृश्य समोर आले की आधी फक्त जे दिसते-ऐकू येते ते तीन ओळींत: शॉट कुठला, प्रकाश कुठून, आवाज काय. मग ते कशासाठी केले असेल. मग कोणासाठी. मग पैसे कोणाचे. सिद्धांताचे नाव सगळ्यात शेवटी, एका वाक्यात. उलट्या क्रमाने लिहिणाऱ्यांची उत्तरे एकसारखी दिसतात, आणि तपासणारा तीसवी तशीच वही उघडतो तेव्हा काय होते ते मी दुसऱ्या बाजूने पाहिले आहे.

'पैसे कोणाचे' हा प्रश्न गोव्यात विशेष फळतो. 'गोमन्तक' १९६२ चा, चौगुल्यांनी काढलेला. 'नवहिंद टाइम्स' १९६३ चा, धेंप्यांचा. दोन्ही घराणी खाण व्यवसायातली. नंतर 'गोमन्तक' 'सकाळ'कडे गेला. यावरून लगेच निष्कर्ष काढू नका, त्या काळच्या खाणींच्या बातम्या काढून वाचा आणि मग लिहा.

पोर करणार काय

आता पालकांचे उत्तर. गोव्यातच पत्रकारिता आणि मास कम्युनिकेशनची पदवी घेता येते, पणजी-म्हापशाकडे महाविद्यालये आहेत. आल्तिनोवर कला महाविद्यालय आहे, दृश्य मांडणीची ओढ असेल त्यांनी ते बघावे. बाहेर जायचे तर केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी ही प्रवेश परीक्षा. पुण्याची एफटीआयआय ही चित्रपट संस्था पुढची पायरी, तिचा विचार पदवीनंतर. २००४ पासून इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत होतो, पण प्रतिनिधी पासाला वयाची अट असते. नियम आधी वाचा, नाहीतर आयनॉक्स चित्रपटगृहाच्या दारातून परत यावे लागते.

कुठेही मुलाखतीला गेलात तरी सोबत दोन गोष्टी न्या: झालेले सगळ्यात चांगले काम, आणि ती दोनशे पानी वही. फूटपट्टीच्या चौकटी, गावांची यादी, शुक्रवारच्या बाजारातली बिघडलेली मुलाखत, सगळे त्यातच राहू द्या. माझ्या एका विद्यार्थ्याने वही नव्याने स्वच्छ अक्षरात उतरवून नेली होती. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी दोन पाने चाळली आणि विचारले, "मूळ कुठंय?"